वीस तेत्री

लिफ्टमध्ये शिरलं की आधी पेटी.
वीस तेत्रीचं नाणं टाकायचं, मग बटण.
वर जायला वीस, उतरणं फुकट.
त्बिलिसीत आमच्या टेकडीवर हे पोरासोरांनाही पाठ.
नाणं नसेल तर जिना आहेच,
जिन्यानं कधी कुणाकडे काही मागितलं नाही,
गुडघे सोडून.

पेटीची किल्ली माकवालाकडे.
महिनाअखेर ती नाणी टेबलावर ओतते,
दहा-दहाच्या चवडी लावते,
तेल, बल्ब, मोटरवाल्याची मजुरी
वहीत उतरवते.
वहीच्या मागच्या पानांवर
ज्यांच्याकडे नाणं नव्हतं त्यांची नावं.
ती पानं ती कुणाला वाचू देत नाही.

ज्यानं ही इमारत काढली
त्याच्याकडे पट्टी होती आणि खडी टेकडी.
आमचा चौदावा मजला आणि वरचा रस्ता
त्यानं एका रेघेत आणले,
मधल्या दरीवर लोखंडी पूल टाकला
आणि दुसऱ्या कागदाला लागला.
त्याला काय ठाऊक,
की वरची अख्खी वस्ती
आमच्या पोटातून घरी जाईल,
बटाट्यांच्या पिशव्या, व्हायोलिनची पेटी,
एकदा तर जिवंत टर्की, पाय बांधलेला,
आरशात स्वतःकडे बघत.

बाल्कन्या त्यानं दोन हात रुंद दिल्या होत्या.
आता एकही उरलेली नाही.
कुणी तुळया पुढे काढून खोली केली,
लेकाचं लग्न ठरलं म्हणून,
कुणी काचा लावून टोमॅटो.
खालून बघितलं तर इमारत
खिसे उलटे काढल्यासारखी दिसते.

ज्या हिवाळ्यांत वीज नव्हती
तेव्हा लिफ्ट सहाव्या-सातव्याच्या मध्ये
लटकून राहिली होती, महिनोन् महिने.
खिडक्यांतून दोऱ्या सोडायचे लोक,
टोपलीत पाव वर यायचा, चिठ्ठी खाली जायची.
मी तेव्हा आठ वर्षांची.
वाटेत एकेका मजल्याचा हात बाहेर यायचा,
टोपली भिंतीला घासू नये म्हणून.
पाव मोजून पाठवलेला असायचा.
मोजूनच पोचायचा.

मग दिवस बदलले, मोटर आली, भांडणं आली.
तिसऱ्या मजल्यावरचा जुंबेर सभेत म्हणाला,
मी चढतो पायांनी, मी कशाला भरू दुरुस्तीचे?
आणि त्या वरच्या लोकांचा काय संबंध?
बरोबरच होतं त्याचं.
बरोबर असलेल्या माणसाकडे
त्या वर्षी कुणी इस्टरला गेलं नाही.

फेब्रुवारीत बाराव्या मजल्यावर अंब्रोसी गेला,
ट्रॉलीबस होत्या तेव्हाचा चालक.
शवपेटी लिफ्टमध्ये मावेना.
उभी केली, तिरपी केली,
मग त्याच्या बायकोनं, सियालानं, नुसता हात वर केला
आणि सगळे थांबले.

बारा मजले खाली,
जिन्याची वळणं अशी की सोफासुद्धा अडतो.
कुणीतरी म्हणालं, दोनच मजले वर आहेत.
म्हणून माणसाला आधी वर नेलं.
पुढचा डावा खांदा जुंबेरचा.
तो तिसऱ्यावरून चढत आला होता,
धापा टाकत, कुणाशी न बोलता.

पुलावर वारा होता. लोखंड हललं.
पलीकडे रस्त्यावर वरची वस्ती उभी होती,
टोप्या हातात,
ज्यांचा काय संबंध ते सगळे.

एप्रिलमध्ये नगरपालिकेचा इंजिनिअर आला,
गुळगुळीत दाढीचा पोरगा.
पुलावर भार किती येतो, विचारत होता.
जुंबेरनं त्याच्याकडे बघितलं,
मग दरीकडे, आणि सिगरेट पेटवली.
पोराजवळ नाणं नव्हतं, नुसतं कार्ड.
माकवालानं आपलं नाणं टाकून त्याला वर आणलं होतं.

चष्मा सापडेना म्हणून वही माझ्या हातात दिली,
लिही म्हणाली, इंजिनिअर, वीस.
मी मागचं पान उघडलं.
शेवटची ओळ तिच्याच वाकड्या अक्षरात,
फेब्रुवारीची:
अंब्रोसी. दोन मजले. वर.
पुढे रक्कम घातलेली नव्हती.